घराची भिंत सरकली तर मॅपरला काय लिहायचं?

पहिल्यांदा व्हॅलिडेशनला, म्हणजे दुसऱ्यांनी नकाशावर काढलेली घरं तपासायला, बसलो तेव्हा मी एका मुलीच्या अकरा टास्कवर, म्हणजे नकाशाच्या अकरा तुकड्यांवर, एकच वाक्य चिकटवलं होतं: ‘सर्व इमारती सरकलेल्या आहेत, पुन्हा करा.’ अकराही टास्क परत पाठवले आणि चहा प्यायला गेलो. दोन दिवसांनी लक्षात आलं की सरकलेली होती ती माझी इमेजरी, म्हणजे ज्यावरून घरं काढतात ते वरून घेतलेलं चित्र. प्रकल्पाच्या सूचनांत बिंगची इमेजरी वापरायला सांगितलं होतं, माझ्या जोसममध्ये (नकाशा संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये) एस्रीची उघडी होती, आणि त्या डोंगराळ भागात दोन्हींत आठ-नऊ मीटरचा फरक पडत होता. माफीचा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही, आणि त्या खात्यावरून पुन्हा एकही घर निघालं नाही.

म्हणून हा लेख. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही संपादित करता येणाऱ्या खुल्या नकाशावर उपग्रहाच्या किंवा विमानातून काढलेल्या चित्रावरून घरं काढणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांचं काम तपासणारे व्हॅलिडेटर असतात. काढायचं कसं यावर भरपूर सांगितलं जातं. तपासल्यावर त्या माणसाला काय आणि कसं सांगायचं, हे बहुतेकांना कुणी शिकवत नाही. मलाही शिकवलं नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी, नवीन वाचकांसाठी. 2010 च्या हैतीतल्या भूकंपानंतर अशा दूरस्थ मॅपिंगला जोर आला आणि त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. 2014 मध्ये मिसिंग मॅप्स हा उपक्रम सुरू झाला. त्यात अमेरिकन आणि ब्रिटिश रेड क्रॉस, मेदसाँ साँ फ्राँतिएर (डॉक्टरांची मदतसंस्था) आणि हीच टीम एकत्र आली. काम टास्किंग मॅनेजर या साइटवर चालतं. मोठा प्रदेश छोट्या टास्कमध्ये, म्हणजे बहुधा चौकोनांमध्ये, तोडलेला असतो. एकजण एक टास्क लॉक करतो, त्यातली घरं काढतो, ‘झालं’ म्हणतो. मग दुसरा तो तपासतो आणि पास करतो किंवा ‘अजून काम हवं’ म्हणून परत पाठवतो. परत पाठवताना एक छोटीशी रिकामी चौकट समोर येते. सगळी गोष्ट त्या चौकटीची आहे.

पायरी 1: आधी स्वतःची इमेजरी तपासा

माझ्या चुकीवरून शिकलेली ही गोष्ट सर्वांत वर ठेवतो. मॅपरने आयडी हा ब्राउझरमधला एडिटर वापरला असेल तर त्याच्या चेंजसेटच्या, म्हणजे एकदम सेव्ह केलेल्या बदलांच्या, पानावर खाली टॅग (छोट्या नोंदी) दिसतात. त्यांत त्याच्यासमोर कोणती इमेजरी होती ते लिहिलेलं असतं. तुमच्या पडद्यावर तीच आहे ना, ते बघा. नसेल तर बदला आणि मगच मत बनवा.

एखाद्या टास्कमधली सगळी घरं एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेली दिसली तर शंका इमेजरीवर घ्या, माणसावर नको. हात चुकला की एक घर इकडे जातं, दुसरं तिकडे. शिस्तीत चुकत नाही कुणी. आणि आधीपासून असलेला डेटा जीपीएसच्या खुणांशी जुळत असेल तर नव्या चित्रासाठी जुनं गाव उचलून हलवायचं नसतं. चित्राचा ऑफसेट, म्हणजे सरकलेपणा, जुळवायचा. नवख्यांना हे माहीत नसतं, आणि ते माहीत असावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

पायरी 2: समोर कोण आहे ते पाहा

त्याच टॅगांत अजून दोन कामाच्या गोष्टी मिळतात. आयडी वापरणाऱ्याचे आजवर किती चेंजसेट झाले तो आकडा असतो. आणि सेव्ह करताना ‘माझं काम कुणीतरी तपासावं’ या चौकटीवर त्याने टिचकी मारली असेल तर तसा टॅग दिसतो. असा टॅग दिसला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिकडे जा. स्वतःहून विचारणाऱ्याला आठवडाभर उत्तर न देणं यापरता वाईट अभिप्राय नाही.

तिसऱ्या चेंजसेटवाल्याला आणि तीनशेव्या चेंजसेटवाल्याला एकच वाक्य लिहू नका. पहिल्याला कळ कुठली दाबायची ते हवं असतं. दुसऱ्याला ती कळ माहीत असते. घाईत राहून गेलेलं असतं, किंवा तो मुद्दाम वेगळं करत असतो. त्याला विचारायचं, सांगायचं नाही.

वेळेचंही बघा. मॅपेथॉन, म्हणजे एकत्र जमून केलेलं मॅपिंग, शनिवारी झाली आणि अभिप्राय पंधरा दिवसांनी गेला, तर तो वाचायला कुणी शिल्लक नसतं. कॉलेजच्या मुलांच्या बाबतीत माझा हिशेब साधा आहे: पहिल्या दिवसाचे टास्क त्याच रात्री. सगळे जमले नाहीत तर प्रत्येकाचा एक तरी.

पायरी 3: चुका सगळ्या टिपा, सांगायला एकच निवडा

जोसममध्ये टास्क उतरवून घ्या आणि त्यातलं ‘व्हॅलिडेटर’ नावाचं चुका शोधणारं साधन चालवा. एकावर एक आलेली घरं, घराच्या पोटात घर, दोनदा काढलेलं घर, काय आहे ते सांगणारा टॅगच नसलेली रेघ हे सगळं यंत्र सांगतं. फार लहान आकार क्षेत्रफळाने शोधून काढा. चुकून पडलेल्या टिचक्या तिथे सापडतात. टूडू प्लगिन टाकलंत तर एकेक घर ओळीने समोर येतं, डोळ्यांना शिस्त लागते.

यंत्राला न दिसणारं तुम्ही पाहायचं. आणि इथे माझं मत जरा कडक आहे. बहुतेक व्हॅलिडेटर कोपऱ्यांवर तुटून पडतात, कारण वाकडा कोपरा लगेच डोळ्यांत भरतो. पण नकाशा वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. लसीकरणाची तुकडी घरं मोजून माणसांचा अंदाज बांधते. तिला कोपरा 85 अंशांचा असला काय नि 90 चा असला काय! झाडीत दडलेली सहा घरांची वाडी सुटली तर मात्र त्या वाडीसाठी लशी निघतच नाहीत. म्हणून माझा क्रम असा: आधी सुटलेली वस्ती, मग घर नसलेलं ‘घर’, मग चार घरांचं मिळून काढलेलं एक भलंमोठं घर, मग रस्त्याला किंवा शेताच्या कडेला चिकटलेल्या भिंती, मग सरकलेली जागा. कोपरे सगळ्यांत शेवटी.

टास्कमध्ये या सहाही चुका असल्या तरी निरोपात वरची एक घ्या. फार तर दोन. सहा मुद्द्यांचं पत्र वाचून माणूस खिडकी बंद करतो. मीही केली असती. बाकीच्या पाच आज तुम्ही दुरुस्त करा किंवा पुढच्या टास्कसाठी राखून ठेवा. मॅपर परत आला तर दुसरी चूक सांगायला वेळ आहेच.

अपवाद काटकोनाचा. तो महत्त्वाचा नाही, पण शिकवायला सर्वांत स्वस्त आहे: आयडीत घर निवडा, क्यू दाबा, झालं. गोल झोपडीला ओ. या दोन कळा पहिल्याच निरोपाच्या शेवटी टाकल्या तर कुणाला ओझं होत नाही.

पायरी 4: घर का नाही, ते दाखवता आलं पाहिजे

‘हे घर नाही’ एवढं लिहून भागत नाही. तो मॅपर म्हैसूरला बसलेला असेल किंवा म्युनिकला, त्याने कडब्याची गंजी जन्मात पाहिलेली नसते. वरून पाहिलं तर गंजी म्हणजे हुबेहूब उतरत्या छपराचं लांबट घर. सावलीसुद्धा पडते. फरक काय? दुसरी इमेजरी लावून बघा: वेगळ्या महिन्यातल्या चित्रात गंजी जागेवर नसते किंवा अर्धी झालेली असते, घर तसंच असतं. गंजीकडे वर्षभर रुळलेली पायवाट जात नाही. पुढे सारवलेलं अंगणही नसतं. कोकणात हाच घोटाळा भाताच्या उडव्यांचा होतो. त्या गोल असतात, म्हणून लांबच्या मॅपरला झोपड्या वाटतात आणि खळ्याभोवती चांगलं आठ घरांचं गाव वसतं.

नाशिककडे गेलात तर शेडनेट, पॉलिहाऊस आणि द्राक्षबागेवर अंथरलेलं प्लॅस्टिक. पॉलिहाऊससाठी ग्रीनहाऊसचा वेगळा टॅग आहे. बागेवरचं प्लॅस्टिक म्हणजे मात्र बागच. छाटणीनंतर काही महिने असतं, मग निघतं. शेततळ्याचं निळं-काळं कापड उन्हात चकाकलं की पत्र्याच्या छपरासारखं दिसतं, पण बांधाची सावली आतल्या बाजूला पडते, हे एकदा दाखवलं की माणूस पुन्हा चुकत नाही. उलट कांदाचाळ ही इमारतच आहे: लांब, अरुंद, बहुधा पत्र्याची, आणि बऱ्याचदा दोन-तीन शेजारी शेजारी. ती काढायची. लांबचे मॅपर ती कोंबड्यांची शेड समजून सोडतात किंवा भिंत समजून रेघ मारतात. ऊसतोड कामगारांच्या कोप्या हंगामापुरत्या असतात. त्या काढायच्या की नाही हे प्रकल्प चालवणाऱ्याने सूचनांत लिहायला हवं. लिहिलेलं नसेल तर मॅपरला दोष देऊ नका, प्रकल्पवाल्याला विचारा.

सावलीबद्दल जरा सविस्तर, कारण निम्मे वाद इथे मिटतात. ही चित्रं काढणारे बरेचसे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. सूर्य तेव्हा आग्नेयेकडे, म्हणून महाराष्ट्रात वर्षातला बराच काळ सावली घराच्या वायव्येला पडते. (मे ते जुलै सूर्य जवळजवळ डोक्यावर किंवा उत्तरेला असतो, तेव्हा हिशेब बदलतो.) विषुववृत्ताच्या दक्षिणेला उलट. मार्च 2019 मध्ये इडाय चक्रीवादळ मोझांबिकच्या बेइरा शहराजवळ धडकलं, तेव्हा त्या भागाचं मॅपिंग जगभरातून झालं. तिथे सावली बहुतेक महिने नैर्ऋत्येला असते. सावल्या वायव्येला पाहायची सवय झालेल्या डोळ्याला असं चित्र कधी उलटं भासतं: उंचवटा खड्ड्यासारखा, छप्पर आणि सावली एकच. आपल्या एखाद्या मुलाने अशा चित्रात सावलीसकट मोठं घर काढलं तर त्याला हे कारण सांगा. ‘नीट बघ’ म्हणू नका. तो नीटच बघत असतो.

शहरात तिसरी भानगड. उपग्रह तिरका असला की उंच इमारत कललेली दिसते आणि गच्ची पायापासून लांब जाते. मॅपर गच्ची काढतो, कारण तीच स्वच्छ दिसते. त्यात चूक नाही, काम अर्धं झालेलं असतं. गच्चीचा आकार काढून झाला की एम दाबायचं आणि तो आकार सरकवत भिंत जमिनीला टेकते तिथे आणून ठेवायचा. हे शब्दांत समजावणं कठीण. स्क्रीनशॉटवर एक बाण काढा.

पायरी 5: आता लिहा

माझ्या निरोपात चार तुकडे असतात आणि ते बहुधा याच क्रमाने येतात: काय चांगलं झालं (खरोखर झालेलं), एक चूक नेमक्या जागेसकट, ती कशी दुरुस्त होते, आणि पुढे काय. उदाहरण घेऊ. मूळ निरोप, एका अनुभवी व्हॅलिडेटरने लिहिलेला:

‘इमारती रस्त्याला जोडल्या आहेत. सूचना वाचा.’

यात खोटं काही नाही. पण कुठल्या इमारती? जोडल्या म्हणजे काय? मॅपरने त्या जोडलेल्याच नव्हत्या. एडिटरने बिंदू आपोआप चिकटवले होते. आता हेच असं:

‘नमस्कार! ओढ्यापलीकडची झाडीतली घरंसुद्धा तुम्ही शोधलीत, ती बऱ्याच जणांकडून सुटतात. शाळेसमोरच्या रांगेतल्या पाच घरांचे कोपरे रस्त्याच्या रेघेला चिकटले आहेत. एडिटर जवळच्या रेघेला बिंदू आपोआप चिकटवतो, त्यामुळे हे होतं. बिंदू ठेवताना आल्ट कळ दाबून धरलीत तर चिकटणार नाही. चिकटलेला बिंदू निवडून डी दाबला की सुटतो. तीन मी सोडवलेत, दोन तुमच्यासाठी ठेवलेत. अडलं तर इथेच विचारा.’

‘दोन तुमच्यासाठी ठेवलेत’ हे वाक्य मी एका जुन्या व्हॅलिडेटरकडून उचललं. सगळं दुरुस्त करून दिलं तर मॅपरच्या हाताला काही लागत नाही. काहीच न करता परत पाठवलं तर शिक्षा वाटते.

कौतुकाबद्दल एक इशारा. ‘छान काम, पण’ अशी सुरुवात केली की माणूस ‘पण’पासून वाचायला लागतो, आधीचं त्याच्या लेखी वाया जातं. चांगलं काय झालं ते जागेसकट लिहा, आणि ‘पण’ गाळून नवं वाक्य सुरू करा. कौतुक करण्यासारखं काहीच सापडलं नाही तर करू नका. ‘एका टास्कला एवढा वेळ दिलात, आभार’ एवढं खरं असतं, तेवढं पुरे.

‘तुम्ही’ की ‘तू’? लेखी निरोपात मी सगळ्यांना तुम्ही म्हणतो, अकरावीतल्या मुलालाही. समोर भेटलं की तू. टोपणनावावरून ताई की दादा हे ओळखायला जाऊ नका, हमखास फसता. मराठी मॅपरला मराठीत लिहा. इंग्रजीत तोडलेलं वाक्य आहे त्यापेक्षा उद्धट वाटतं, आणि आपली मुलं इंग्रजी अभिप्रायाला इंग्रजीत उलट प्रश्न विचारायला बिचकतात. बाहेरच्या मॅपरला सोपी, छोटी वाक्यं आणि स्क्रीनशॉट.

पायरी 6: परत पाठवायचं की पास करायचं

सुटलेली घरं दोन-चार असतील तर मी स्वतः काढतो, टास्क पास करतो आणि निरोपात ती घरं कुठे होती ते सांगतो. अर्धी वस्ती सुटली असेल तर परत. सगळं क्यूवाचून वाकडं असेल तर? पास, पण निरोपासह. जोसममध्ये सगळी चौकोनी घरं एकत्र निवडून एका कळीत सरळ होतात, त्यासाठी नवख्याचा हिरमोड कशाला? फक्त त्या निवडीत गोल झोपड्या येऊ देऊ नका.

परत पाठवताना लाल शिक्का बसतोय असं मॅपरला वाटतं. म्हणून निरोपातच सांगा की ही काम पुढे चालू ठेवण्याची खूण आहे, नापास नव्हे. टास्कचं लॉक दोन तासांनी आपोआप सुटतं. कित्येकदा ‘अर्धवट सोडलं’ म्हणून आपण चिडतो तो बिचारा जेवायला उठलेला असतो.

रॅपिडसारख्या एडिटरमध्ये यंत्राने ओळखलेली घरं समोर येतात आणि मॅपर ती स्वीकारत जातो. तिथे ‘तुमचं घर वाकडं आहे’ म्हणणं चुकीचं; त्याने काढलेलंच नाही. त्याला एवढंच विचारायचं: स्वीकारण्याआधी चित्राशी ताडून पाहिलंत का?

आणि कुणी एखाद्या व्यावसायिक नकाशावरून नक्कल करत असल्याचा संशय आला तर तो कलेचा प्रश्न राहत नाही, परवान्याचा होतो. थेट आरोप न करता ‘ही माहिती कुठून घेतलीत?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत तो टास्क पास करू नका.

पायरी 7: कुठे लिहायचं

टास्कची टिप्पणी त्या चौकोनापुरती. चेंजसेटवरची टिप्पणी सगळ्या जगाला दिसते आणि लिहून झाल्यावर तुम्हाला ती खोडता येत नाही, हे पाठवण्याआधी आठवा. एकच चूक दहा चौकोनांत असेल तर दहा टिप्पण्या नकोत. खासगी निरोप एक. चारचौघांत बोलायला अवघड असं काहीही खासगीतच. मॅपेथॉनमध्ये तर लिहूच नका, खुर्ची ओढून शेजारी बसा. माउस मात्र त्याच्याच हातात राहू द्या. आपण माउस घेतला की शिकवणं संपलं आणि करून देणं सुरू झालं.

उत्तर आलं तर

बहुतेक वेळा येत नाही. आलं तर बरेचदा एका शब्दाचं, ‘ओके’. त्यावर समाधान न मानता त्याच माणसाचा पुढचा टास्क उघडून बघा; निरोप पोचला की नाही ते तिथे कळतं. त्याने डी वापरलेला दिसला तर दोन शब्द जरूर लिहा. तेच प्रोत्साहन खरं.

कधी उत्तर उलटं येतं. गेल्या हिवाळ्यात मी नाशिक जिल्ह्यातल्या एका टास्कमधला लांबट आकार गंजी म्हणून खोडला आणि मॅपरला सावली, पायवाट, अंगण असं सगळं समजावून लिहिलं. वरच्या सगळ्या सल्ल्यांप्रमाणे उत्तम निरोप होता. संध्याकाळी उत्तर आलं: ‘सर, ती गंजी नाही, चाळ आहे. आमच्याच चुलत्यांची. पत्रा दोन वर्षांपूर्वी उडाला, वर कडबा टाकलाय.’

मी चाळ परत काढली. टास्कच्या टिप्पणीत तसं लिहिलं, माझ्या चुकीसकट, आणि त्याला विचारलं की शेजारचे तीन चौकोन तपासून देशील का.